झटका ओसरला की पुन्हा जखमींकडे

१९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला गेले. त्यांतले डॉ. चोळकर आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या शेजारच्या नागपूरचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर निघाले तेव्हा २८ वर्षांचेही नव्हते. त्यांच्यातल्याच डॉ. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे परतावं लागलं. त्यात कमीपणा कसला? कोटणीस थांबले. चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांना अपस्माराचे झटके येत. विश्रांती घ्यायची तर जखमींना कोण बघणार? शिकवणं चालू, शल्यक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहिणंही चालू. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अशाच झटक्यांनी ते गेले. हातातलं पुस्तक अर्धंच राहिलं.