मनगटांतील आठ हाडें



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो समजून घेण्यास पुस्तक नको, चित्र नको, कीं कपाटांत टांगलेला सांगाडाही नको. तो विषय आपणां प्रत्येकाच्या मांडीवर आतां स्वस्थ पडलेला आहे. आपला उजवा हात जरा पुढें घ्यावा आणि डाव्या हाताचीं बोटें त्यावर ठेवावीं. मी सांगेन तसें चांचपून पाहिलें म्हणजे झालें.

खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागास आपण दंड म्हणतों. तेथें एकच लांब हाड आहे; त्यास भुजास्थि म्हणतात. कोपराच्या आंतल्या बाजूस जो टणक उंचवटा लागतो, तो ह्याच हाडाचा. त्याच्या मागून एक मज्जातंतु कातडीखालून जवळजवळ उघडाच जातो. दाराच्या कडेवर कोपर आपटलें असतां करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या येतात, त्या हाडाच्या नसून ह्या तंतूच्या होत.

कोपराखालीं मात्र दोन हाडें आहेत. तळहात उताणा धरा. करंगळीच्या बाजूचें तें अल्ना आणि आंगठ्याच्या बाजूचें तें रेडियस. आतां तळहात सावकाश पालथा करा. अल्ना जवळजवळ जागच्या जागीं राहतें व रेडियस त्याच्यावरून तिरपें होऊन पलीकडे जातें. कुलपांत किल्ली फिरवितांना, पानांत पळीनें तूप वाढतांना हीच करामत चालते. तसाच हात ठेवून मूठ मिटा व उघडा. हलतात बोटें, पण हालचाल जाणवते ती कोपराखालीं. कारण बोटें मिटविणारे मुख्य स्नायु तेथें आहेत व बोटांपर्यंत केवळ त्यांच्या दोऱ्या पोंचतात. बोटें सडपातळ राहिलीं तीं ह्यामुळेंच.

पुढें मनगट. येथें चार-चारांच्या दोन ओळींत आठ लहान हाडें बसविलेलीं आहेत. नदीकांठच्या गोट्यांप्रमाणें त्यांचे आकार निरनिराळे: एक होडीसारखें, एक चंद्रकोरीसारखें, एकास आंकडा, तर एक वाटाण्याएवढें. तीं एकमेकांवर किंचित् किंचित् सरकतात, म्हणून मनगट सर्व बाजूंस वळतें. ज्या हाडावर आंगठा बसला आहे, त्याचा पृष्ठभाग खोगिरासारखा आहे. त्यामुळें आंगठा चारी बोटांच्या टोंकांस भिडूं शकतो. जप करतांना आपण आंगठ्यानें चार बोटांचीं बारा पेरें मोजतों. तीं बारा पेरें म्हणजे बारा हाडें. आंगठ्याचीं दोन मिळून चौदा, तळहाताचीं पांच व मनगटाचीं आठ, असा पंजाचा हिशेब २७ होतो. दंडाचें एक व कोपराखालचीं दोन मिळविलीं म्हणजे एका हाताचीं ३० हाडें झालीं. प्रौढ शरीरांत बहुधा २०६ हाडें असतात. त्यांपैकीं ५४ नुसत्या दोन पंजांत आहेत.

जिवंत माणसाचीं हीं हाडें कातडी न कापतां पाहतां येतील, हें १८९५ पर्यंत कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. त्या वर्षीं २२ डिसेंबर रोजीं जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथें रंटगेन ह्यांनीं नव्या किरणांच्या साहाय्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें. त्यांत हाडें दिसलीं आणि बोटांतील आंगठीही दिसली.

असेंच एक चित्र कांहीं वर्षांमागें मला पाहावें लागलें. माझा साडेतीन वर्षांचा नातू झोपाळ्यावरून हातावर पडला. चित्रांत रेडियस एका बाजूनें चिरलें होतें व दुसऱ्या बाजूनें नुसतें वांकलें होतें. ओली फांदी मोडूं पाहिली असतां होतें तसें. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, लवकर भरून येईल. परंतु माझें लक्ष मनगटाकडे होतें. तेथें आठ हाडांच्या जागीं तीनच ठिपके होते. बाकी सारी जागा मोकळी. मीं घाबरून विचारलें, “मनगटाचीं हाडें कोठें गेलीं?”

“गेलीं नाहींत, गुरुजी,” ते हंसून म्हणाले, “अजून यावयाचीं आहेत.”

मूल जन्मतें तेव्हां त्याचें मनगट बहुधा सारें कूर्चेचेंच असतें. पहिले दोन अस्थिबिंदु पहिल्या कांहीं महिन्यांत उमटतात; मग वर्षां-दोन वर्षांच्या अंतरानें इतर येतात; वाटाण्याएवढें हाड सर्वांत शेवटीं, आठव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. हा क्रम इतका ठरलेला आहे कीं, डाव्या पंजाचें चित्र पाहून डॉक्टर मुलाच्या हाडांचें वय अजमावतात. बोटांच्या व तळहाताच्या हाडांच्या टोंकांशीं वाढीची कूर्चा असते. तीस जबर इजा झाल्यास हाडाची वाढ खुंटूं शकते.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. बत्तीस वर्षें मीं लहान मुलांस शिकविलें. “हात पुढें कर” हे शब्द माझ्या तोंडीं नित्याचे होते, आणि माझ्या हातांत पट्टी असे. तळहात मऊ, तेथें मारल्यानें कांहीं होत नाहीं, अशी माझी समजूत. तिसरींतल्या एका मुलानें अशा माराच्या दुसऱ्या दिवशीं पेन्सिल डाव्या हातांत धरली होती. मीं तें पाहिलें व फळ्याकडे वळलों. त्याच्या हातास काय झालें होतें, हें मीं विचारलें नाहीं. आतां विचारण्याची सोय राहिली नाहीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस मनाई केली, हें उत्तम झालें. परंतु कायदा पाहण्यास नसतो तेथेंही मुलांचे हात असतात. घाईच्या वेळीं आपण लहानग्याचा हात धरून हिसका देतों, कौतुकानें दोन्ही हातांस धरून त्यास गरगर फिरवितों. पांच वर्षांखालील मुलाच्या रेडियसचें वरचें टोंक अशा ओढीनें आपल्या वेढ्यांतून निसटूं शकतें. मूल रडतें आणि हात लोंबता ठेवतें. अशा वेळीं घरीं ओढाताण किंवा चोळणें नको, डॉक्टरांकडे न्यावें. बहुधा तें क्षणांत जागेवर बसवितां येतें. मुलास उचलावयाचें तें कांखेंत हात घालून.

आपला हात अजून पुढेंच असेल. आतां त्यानें घरांतील लहान मुलाचें मनगट हळूच धरून पाहा. तेथें लागतें तें सारेंच हाड नव्हे. पुष्कळसें अजून व्हावयाचें आहे. तें पुरें होईपर्यंत हात पुढें करण्यास मुलाला भय वाटूं नये, एवढेंच आपल्या हातीं आहे.