कर्ज फिटले, पण कागद फिटला का?



कर्जाची अखेरची रक्कम भरून ऋणको पावती पेटीत ठेवतो व आपण मोकळे झालो असे मानतो. पुढे भावाभावांत वाटणी निघते, तेव्हा सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जुना बोजा तसाच उभा दिसतो. धनको हयात नसतो, मूळ गहाणखत सापडत नाही. पैसा फिटलेला असतो. कागद मात्र फिटलेला नसतो.

याचे कारण असे की, स्थावर मिळकतीच्या तारणावरील कर्ज ही धनकोची एक मालमत्ताच होय. ती निर्माण होते, विकली जाते, स्वतः तारणही ठेवली जाते. या प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळा असतो.

पहिला टप्पा गहाणखताचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक मुद्दलाच्या गहाणखतावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या व त्याची नोंदणी आवश्यक आहे. मालकीहक्काचे कागद ठेव म्हणून देऊन केलेले गहाण यास अपवाद आहे. तथापि महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते.

दुसरा टप्पा विक्रीचा. गहाणाने सुरक्षित केलेले कर्ज साध्या वचनचिठ्ठीप्रमाणे पाठीवर सही करून तारणासह दुसऱ्यास देता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हस्तांतरलेख हवा. घेणाऱ्याने मूळ गहाणखत, वसुलीचा हिशेब व शिल्लक रक्कम यांची खात्री करून घ्यावी. मिळकतीवर वसुली लावण्याच्या दाव्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून साधारणपणे १२ वर्षे असते, हेही पाहावे. बँकांनाही थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांस विकण्याची मुभा २००२ च्या कायद्याने मिळाली आहे.

तिसरा टप्पा उपगहाणाचा. धनको आपला गहाणहक्क तारण ठेवून कर्ज काढू शकतो. परंतु स्वतःच्या हक्कापेक्षा अधिक काही तो देऊ शकत नाही.

या सर्व व्यवहारांत ऋणकोचा गहाण सोडविण्याचा हक्क अबाधित राहतो. मात्र हप्ता कोणाकडे भरावयाचा, हे त्यास कळले पाहिजे. कर्ज विकले गेल्याचे कोणी सांगितल्यास त्याने लेखी सूचना व हस्तांतरलेखाची प्रत मागावी, जुन्या धनकोकडून खातरजमा करावी आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी.

अखेरचा टप्पा गहाणमुक्तीचा, आणि नेमका तोच राहून जातो. मूळ कागद परत घेणे, गहाणमुक्तीचा लेख नोंदवून घेणे व फेरफाराने बोजा कमी करविणे, ही तिन्ही कामे एकाच दमात व्हावीत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकांनी वैयक्तिक कर्जदारांस पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करावयाचे असून, त्यांच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावयाची आहे.

पंचायत सदस्य व शिक्षक यांनी गावातील फिटलेल्या कर्जांचे सातबारे एकदा संबंधितांसमवेत वाचून पाहावेत. त्या एका वाचनाने पुढील पिढीचा एखादा दावा टळेल.