उन्हाळ्यात झोपणारी झाडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोते हो, मृग जवळ आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. 'चाचा, घराभोवती थोडी जागा सुटली आहे. फळझाड कोणते लावू?' मी काही कृषितज्ज्ञ नाही. शिक्षण बी. ए., आणि नाद कवितेचा. पण तीस वर्षे अंगणातल्या मातीत हात घातले आहेत. तेवढ्या भांडवलावर लोक विचारतात आणि मीही सांगत असतो.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, गावाच्या चारही बाजूंना लेआउट पडले. हजार-बाराशे फुटांचा प्लॉट, त्यावर घर, आणि घर बांधून उरलेली मातीची एक पट्टी. त्या पट्टीत लोकांना हापूस हवा असतो, नारळ हवा असतो, चिकू हवा असतो. हल्ली तर सफरचंदाची रोपेही विकायला येतात. रोपवाटिकेतल्या रंगीत चित्रावर भाळून माणूस रोप घरी आणतो.

मी त्यांना एकच उलटा प्रश्न विचारतो. 'मे महिन्यात तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो?'

मागच्या वर्षी एक तरुण जोडपे आले होते. हा प्रश्न ऐकून नवरा छताकडे पाहू लागला. बायको मात्र लगेच म्हणाली, 'झाडं हे आणतील चाचा, बादल्या मलाच उचलायच्या आहेत.' फळझाडांच्या पुस्तकात हे वाक्य सापडायचे नाही, पण निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

आपल्याकडे पाऊस साधारण आठशे मिलिमीटर. आकडा वाईट नाही. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि निघून जातो. आपला जिल्हा उंचवट्यावर आहे. इथले काही पाणी पैनगंगेतून गोदावरीकडे जाते, काही काटेपूर्णेतून तापीकडे. आपल्याजवळ ते थांबत नाही. तेव्हा अशी झाडे निवडावीत, जी आपल्या टंचाईच्या दिवसांत झोपलेली असतात.

त्यात पहिला मान सीताफळाचा. फेब्रुवारी-मार्चपासून ते पाने गाळू लागते. मे महिन्यात पाहाल तर नुसती काटक्यांची जुडी. झाड मेले म्हणून लोक घाबरतात, बादल्या ओततात. जुन्या झाडाला तेव्हा पाणी लागत नाही. पहिल्या सरी आल्या की पालवी आणि फुले मागोमाग येतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ हातात पडते. शिवाय शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. ज्यांच्या कुंपणाला फट आहे, त्यांना या गुणाची किंमत कळेल. फळे कमी धरत असतील तर पूर्ण उमललेल्या फुलातला पराग मऊ कुंचल्याने सकाळी अर्धवट उमललेल्या फुलात लावावा, कारण या फुलातला मादीभाग आधी तयार होतो आणि पराग मागाहून सुटतो. आमच्या उर्दूत या फळाला शरीफा म्हणतात. नाव सीतेचे असो की शरीफांचे, वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे माहेर अमेरिका खंडात सांगतात. पेरूचे माहेरही तिकडचेच.

पेरूला आम्ही वऱ्हाडात जाम म्हणतो, आणि आमच्या घरच्या बोलीतही तो जामच आहे. जामाला वर्षात एकाहून अधिक बहार येतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे आपल्या हातात असते. उन्हाळ्यात भरपूर पाणी दिले तर पावसाळ्यात फळे येतात. ती पाणचट लागतात आणि त्यांत फळमाशीच्या अळ्या निघतात. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये पाणी तोडावे. झाड पाने टाकते, विश्रांती घेते, मृगाच्या पावसावर फुलते आणि हिवाळ्यात गोड, घट्ट फळ देते. बागाईतदार याला ताण देणे म्हणतात. आपला नळ हा ताण फुकटात देतो! जात सरदार घ्यावी. तिलाच लखनौ-४९ असेही म्हणतात. नाव लखनौचे असले तरी तिची निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीत. बियांपासूनचे रोप आईच्या गुणाचे निघेलच असे नाही, म्हणून कलमच आणावे. छाटत राहिले तर झाड हाताच्या उंचीत राहते.

कुठे रानबोर आपोआप उगवली असेल तर ती उपटू नका. तिच्यावर उमराण किंवा मेहरूणचा डोळा भरून घ्या. बोरही उन्हाळ्यात आराम करते, छाटणी तेव्हाच करायची. काटे मात्र सोसावे लागतात.

आवळ्याची गंमत वेगळी. फुले येतात उन्हाळ्याच्या तोंडावर, फळ धरते, पण ते बारीक राहून पावसाची वाट पाहते. मग वाढू लागते. अडचण अशी की एकट्या झाडाला फळ नीट धरत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचे आवळ्याचे झाड लागते. एवढ्याशा अंगणात दोन आवळे कुठून बसणार? मी शेजारच्या काकांशी ठरवून टाकले. त्यांच्याकडे चकैया, माझ्याकडे कृष्णा. (यावर गल्लीत बरेच विनोद झाले.) मधमाश्यांना आमची सामाईक भिंत दिसत नाही.

कागदी लिंबू या झोपणाऱ्यांच्या यादीत बसत नाही. ते सदाहरित, उन्हाळ्यात त्याला पाणी हवेच. पण घरात लिंबू लागतेही उन्हाळ्यातच. म्हणून ते स्वयंपाकघराच्या मागे लावावे, म्हणजे तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्याला मिळते. लिंबाचे बी लावले तरी झाड बहुधा आईसारखेच निघते, फक्त चार-पाच वर्षे धीर धरावा लागतो. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. साचले की डिंक्या रोग होतो. केळी हवीच असेल तर न्हाणीच्या पाण्यावर लावा. पपई भारी काळ्या जमिनीत एका झडीत कोसळते. तिच्यावर फार जीव लावू नये.

आंब्याला मी बाराशे फुटांच्या प्लॉटवर नाहीच म्हणतो. लोक नाराज होतात. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मोठे झाड भिंतीजवळचा ओलावा ओढून घेते आणि भेग जोत्यापर्यंत जाते. शेत असेल तर बांधावर केशर लावा, खुशाल लावा.

आता लावण्याविषयी थोडे. खड्डा मे महिन्यातच दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खणून तापू द्यावा. भारी माती असेल तर भरताना थोडा मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोप जमिनीपेक्षा उंचवट्यावर बसवावे. लावणी चांगला पाऊस झाल्यावरच. पहिले दोन उन्हाळे मात्र कोणत्याही रोपाला पाणी द्यावेच लागते. झोपण्याचे वय नंतर येते. त्यासाठी जुन्या मडक्याच्या बुडाला छिद्र पाडून त्यात कापडाची वात घालावी, मडके आळ्यात पुरावे आणि वर झाकण ठेवावे. आळ्यात सोयाबीनचे कुटार चार बोटे पसरावे, बुंध्यापासून जरा दूर. कुटाराची आपल्या जिल्ह्यात कधी टंचाई नसते.

त्या जोडप्याने शेवटी एक सीताफळ, एक जाम आणि मागच्या दाराशी लिंबू असे ठरवले. रोपवाटिकेत मी सोबत गेलो होतो. नवऱ्याने पिशवीतल्या पिशवीत फळ लागलेले जामाचे कलम उचलले. बायकोने ते खाली ठेवायला लावले आणि गुडघाभर उंचीचे, जोड नीट सांधलेले दुसरे निवडले. पिशवीत फळ धरलेल्या रोपाने आपली ताकद मुळांऐवजी फळात घातलेली असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.