यंत्रोद्योगाच्या सातबाऱ्यावरील बोजा

(जिल्हास्तरीय प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर आहे. टर्बाईनचे पाते कसे फिरते, हे कृपया मला विचारू नये. परंतु माहिती खात्यातील कामाच्या निमित्ताने मोठ्या यंत्रोद्योगांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा योग येतो, आणि त्यांतील जोखमींचे प्रकरण मी प्रथम उघडतो. युद्धे, चलनाचे चढउतार, तांब्या-पोलादाचे भाव, रखडलेले प्रकल्प हे धोके तेथे ओळीने मांडलेले असतात आणि ते कोणासही समजतात. आज बोलावयाचे आहे ते निराळ्या धोक्याविषयी. पूर्वी दुसऱ्याच कोणी केलेल्या कामातून तो उद्भवतो आणि पुष्कळ वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. उदाहरणादाखल एबीबी ही कंपनी घेऊ.

स्वीडनमधील आसेआ आणि स्वित्झर्लंडमधील ब्राऊन बोव्हेरी या दोन जुन्या विद्युत अभियांत्रिकी कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९८८ साली एबीबी अस्तित्वात आली. पर्सी बार्नेव्हिक हे तिचे पहिले मुख्याधिकारी. त्यांच्या कारकिर्दीत देशोदेशीचे कारखाने विकत घेण्याचा सपाटाच सुरू झाला. १९८९-९० च्या सुमारास अमेरिकेतील कम्बश्चन इंजिनिअरिंग ही बॉयलर बनविणारी नामांकित कंपनी सुमारे १६० कोटी डॉलर मोजून घेण्यात आली.

आपल्याकडे शेतजमीन घेणारा शहाणा माणूस आधी सातबारा पाहतो. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे काय, हे वाचल्याशिवाय तो इसार देत नाही. कम्बश्चनच्या बाबतीत बोजा होता तो ॲस्बेस्टॉसचा. बॉयलर आणि वाफेच्या नळ्या यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पूर्वी त्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण चढवीत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनंतर कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. कम्बश्चनने ही सामग्री विकली ती मुख्यतः १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वी, म्हणजे एबीबीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. परंतु कंपनी विकत घेणाऱ्याकडे तिचे दायित्वही येते. अमेरिकेच्या न्यायालयांत दाव्यांची संख्या एक लाखावर गेली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २००० सालापर्यंत एबीबीने कम्बश्चनचा बॉयलरचा आणि अणुऊर्जेचा, असे दोन्ही व्यवसाय विकून टाकले होते. कारखाने गेले, दावे मात्र राहिले. २००१ साली कंपनीस सुमारे ६९ कोटी आणि २००२ साली सुमारे ७८ कोटी डॉलर तोटा झाला. तोट्यास अन्य कारणेही होती, पण ॲस्बेस्टॉसचा भार मोठा होता. फेब्रुवारी २००३ मध्ये कम्बश्चनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भरपाईसाठी न्यास स्थापण्याची योजना पुढे आली. २००६ पर्यंत प्रकरण मिटले तेव्हा एबीबीवर शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेचा भार पडला होता. भागधारकांविषयी कोणी हळहळेल. मला मात्र ज्याने ते वेष्टण हाताने गुंडाळले, त्या कामगाराची भरपाई आधीची वाटते.

याच कंपनीच्या इतिहासात उलट बाजूही आहे. २००० साली एबीबीने वीजनिर्मिती यंत्रांच्या संयुक्त व्यवसायातील आपला अर्धा वाटा फ्रान्सच्या आल्स्टॉम कंपनीला विकला. त्याच वर्षी एबीबीच्या आराखड्यानुसार बनलेल्या जीटी-२४ आणि जीटी-२६ या मोठ्या गॅस टर्बाईनांतील दोष उघडकीस आले. दुरुस्त्या आणि ग्राहकांना द्यावयाच्या भरपाया यांत आल्स्टॉमचे कित्येकशे कोटी युरो गेले, आणि अखेर २००४ साली फ्रेंच सरकारला तिचे भागधारक व्हावे लागले. म्हणजे एका व्यवहारात एबीबीने बोजा घेतला, दुसऱ्यात तो समोरच्याच्या पदरी गेला.

अंतराचाही धोका असतोच. २०१७ साली दक्षिण कोरियातील शाखेचा कोषाधिकारी बेपत्ता झाला आणि सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसला. दक्षिण आफ्रिकेतील कुसिले वीज केंद्राच्या कंत्राटातील लाचलुचपतीबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये अनेक देशांच्या यंत्रणांशी तडजोड करावी लागली. त्यापोटी ३१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कंपनीने मान्य केले.

आता आपल्या दाराशी येऊ. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची डी.सी. वीजवाहिनी गेली आहे. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एबीबी आणि भेल यांनी ती राज्य वीज मंडळासाठी उभारली. पुढे २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वाहिनी महापारेषणकडे आली. २०२० साली एबीबीने आपल्या वीजजाल व्यवसायाचा ८०.१ टक्के हिस्सा जपानच्या हिताचीला विकला आणि २०२२ साली उरलेलाही दिला. घेणारा बदलला, पुरवणाराही बदलला. यंत्रे तेथेच राहिली.

ग्रामपंचायतीचा व्यवहार लाखांत असेल, पण प्रश्न तोच आहे. एका गावी मी पाणी शुद्ध करणारे बंद पडलेले यंत्र पाहिले. ज्या कंपनीने ते बसविले ती दुसरीत विलीन झालेली. नवी कंपनी म्हणे, हमीपत्र आमचे नाही. कपाटात नकाशा नव्हता, सुट्या भागांची यादी नव्हती, करारात उत्तराधिकाऱ्याविषयी एक ओळ नव्हती. ग्रामसेवकांनी मला विचारले, “साहेब, हा कागद आता कोणापुढे ठेवायचा?” मजजवळ उत्तर नव्हते.

नंतर एका अनुभवी कार्यकारी अभियंत्यांनी मला चार वाक्यांचे एक कलम लिहून दिले : कंपनी विकली गेल्यास हमी खरेदीदारावर बंधनकारक राहील, सुटे भाग अमुक वर्षे मिळतील, नकाशे कार्यालयाच्या ताब्यात दिले जातील, आणि त्याशिवाय अखेरचे देयक अदा होणार नाही. विधी अधिकाऱ्यांना दाखवूनच ते वापरावे. प्रती मी बरोबर आणल्या आहेत; चहाच्या वेळी मागून घ्याव्यात.