वार काय सांगते

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, इंदूरला असते. डिलिव्हरीनंतर बाळ आईकडे जातं, घरात पेढे येतात आणि वार फॉर्मॅलिनच्या बादलीतून माझ्या टेबलावर येते. सगळ्यांचीच येते असं नाही. काही बिनसलं असेल तर डॉक्टर पाठवतात, एरवी ती फेकली जाते.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्ध्या किलोची, भाकरीसारखी गोल. नऊ महिने बाळाचं फुप्फुस तीच, मूत्रपिंडही तीच.

काही वर्षांपूर्वी एक वार आली. 34 आठवड्यांची, वजन फक्त 240 ग्रॅम. कापली तर आत पांढरट-पिवळे टणक भाग, म्हणजे रक्त न पोचल्यामुळे मेलेले. बाळ पोटातच गेलं होतं. आईचं बीपी 170/110 झालेलं. रिपोर्ट घ्यायला ती स्वतः आली, बरोबर सासूबाई. तिनं विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात भाजी चिरली होती हिनं. सांगितलं होतं, ऐकलं नाही."

मी दोघींना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या एरवी अरुंद आणि पीळदार असतात. गर्भ राहिला की वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि त्यांना रुंद, सैल करतात. पाटाचा कालवा होतो म्हणा ना. हे बरंचसं काम पहिल्या चार-पाच महिन्यांत उरकतं. हिच्या वाहिन्यांच्या भिंती जाडच राहिल्या होत्या.

अशी उपाशी वार मग आईच्या रक्तात काही प्रथिनं जास्त सोडते. तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे किडनीचे डॉक्टर अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली त्यांतलं एक दाखवून दिलं. त्याचं नाव एसएफएलटी-1. गाभण उंदरांना ते दिलं, तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. वारेतल्या बिघाडाची झळ आईच्या किडनीपर्यंत कशी पोचते, याचा एक मोठा दुवा त्यातून सापडला. याच आजाराला आपण प्रीएक्लॅम्पसिया म्हणतो. बीपी 20 आठवड्यांनंतर वाढतं, पण मूळ बऱ्याचदा त्याच्या खूप आधीचं असतं. ग्रहण सातव्या महिन्यात होतं, असं सासूबाईंनीच सांगितलं होतं. मी एवढंच म्हटलं, "या वाहिन्या तेव्हा कधीच्या अरुंद राहून गेल्या होत्या." त्या बराच वेळ गप्प होत्या.

आता आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. घरात नका सांगू, माझी हरकत नाही. पण डॉक्टरांना सांगा! 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली. 37 आठवड्यांच्या आत डिलिव्हरी करावी लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 4.3 टक्के होता, ॲस्पिरिनवाल्यांत 1.6 टक्के. उशिरा सुरू केली तर फायदा घटतो. ही गोळी सगळ्यांसाठी नाही आणि मनानं घ्यायची तर मुळीच नाही. पण आधी हा त्रास झालेला असेल, जुळी असतील, मधुमेह, किडनीचा आजार किंवा आधीपासूनच बीपी असेल, तर तिसऱ्या महिन्यातच विचारा.

आणि फाइल. आपल्या मुली राहतात इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, आणि बाळंतपणाला माहेरी जातात. बॅगेत लोणचं असतं, दुपटी असतात, जुना रिपोर्ट कपाटातच राहतो. तिकडच्या डॉक्टरांना मागचं काहीच ठाऊक नसतं. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटात वर उजवीकडे कळ येतेय, तर घरचे म्हणतात पित्त झालं असेल. पित्तही असेल, पण त्याच दिवशी बीपी मोजायला हवं.

ती मुलगी दोन वर्षांनी परत आली, अडीच महिन्यांची गरोदर असताना. तिच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन सुरू केली. सातव्या महिन्यात ती नाशिकला माहेरी गेली, तेव्हा 240 ग्रॅमचा तो रिपोर्ट सासूबाईंनी स्वतः फाइलमध्ये सगळ्यात वर लावला होता. 37 आठवड्यांनंतर तिचे दोन फोटो आले. एक मुलीचा, आणि एक वजनकाट्यावरच्या वारेचा. काट्यावर आकडा होता 460.