कॉकपिटमध्ये बोलायचं कोणी, ऐकायचं कोणी?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात एका वैमानिक-प्रशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संक्षेप. – संपादक मंडळ)

विमान कसं चालवतात ते सोप्या भाषेत सांगा, असं मला सांगण्यात आलंय. ते सांगतेच, पण सांगता सांगता तुमच्यापुढे एक प्रश्नही ठेवणार आहे. धोका जिला किंवा ज्याला दिसतो, ती व्यक्ती अधिकाराने धाकटी असेल, तर तिचं ऐकलं जावं म्हणून काय करावं लागतं? विमानवाहतुकीने या प्रश्नाचं उत्तर हजारो जीव गमावून शोधलं आहे.

आधी एक जुना आक्षेप बाजूला करू. 'एवढं मोठं धूड बाईला झेपेल का?' १९३४ साली अमेरिकेत हेलन रिची या वैमानिकेला एका विमान कंपनीने नोकरी दिली. वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं नाही, खराब हवेत उडायला मनाई झाली, आणि वर्षभरातच तिने राजीनामा दिला. आजच्या जेटमध्ये पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग तेलाच्या दाबाने हलतात. १९८८ पासून प्रवासी वाहतुकीत असलेल्या एअरबस ए-३२० मध्ये तर वैमानिकाच्या बाजूला एक लहानशी दांडी असते. तिची हालचाल संगणकाकडे जाते आणि पुढचं काम यंत्रं करतात. मनगटाच्या ताकदीचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिलचर विमान नेलं, तेव्हा विमानातल्या सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या. आज भारतात शंभर वैमानिकांत बारांहून जास्त स्त्रिया आहेत. जगाच्या सरासरीच्या दुपटीहून हे जास्त आहे. अर्थात प्रशिक्षणाचा खर्च लाखांत जातो, म्हणजे कोणाच्या घरच्या मुली तिथे पोचतात, हेही विसरायला नको.

दुसरा समज असा, की सगळं ऑटोपायलटच करतो. ऑटोपायलट आज्ञाधारक आहे. किती उंचीवर, किती वेगाने, कोणत्या दिशेने जायचं हे माणूस सांगतो. चुकीचा आकडा दिला, तर तो चुकीचा आकडाही निमूटपणे पाळतो. म्हणून कॉकपिटमध्ये दोघं असतात. एकजण विमान चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, आकडे तपासतो. कॅप्टन चालवणार आणि सहवैमानिक बघणार, असं ठरलेलं नसतं. या फेरीला एक, तर पुढच्या फेरीला दुसरा. अंतिम जबाबदारी मात्र कॅप्टनचीच.

उड्डाणाच्या वेळी विमान धावपट्टीवर धावत असतं. लक्ष ठेवणारा वेग मोठ्याने सांगतो. चालवणारा 'तपासलं' म्हणतो. मग 'व्ही-वन' अशी हाक येते. म्हणजे आता थांबण्याची वेळ गेली, इंजिन बिघडलं तरी हवेत जायचंच. त्या क्षणी इंजिनाच्या दांड्यांवरचा हात काढून घ्यायचा, म्हणजे घाबरून दांड्या मागे ओढल्या जाणार नाहीत. मग 'रोटेट', नाक वर. विमान खरोखर वर चढतंय हे दुसऱ्याने सांगितल्यावरच चाकं आत घ्यायची. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला, उत्तरही ठरलेलं.

ही शिस्त आली कुठून? ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं २९९ हे नवं विमान चाचणीच्या वेळी कोसळलं. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहिली होती. चालवणारा अत्यंत अनुभवी होता. त्यातून धडा घेतला गेला तो असा, की हुशार माणसाच्याही स्मरणशक्तीवर विसंबू नये, यादी करावी आणि वाचून दाखवावी. हीच चेकलिस्टची सुरुवात.

पण यादीने विसरण्यावर उपाय झाला. न ऐकण्यावर झाला नाही.

२७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावर दाट धुकं. डच कंपनीच्या जंबो जेटचे कॅप्टन त्यांच्या कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारे. परवानगी मिळाली नसताना त्यांनी विमान धाववायला सुरुवात केली. दुसरं जंबो अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे झटकली. पुन्हा कोणी बोललं नाही. ५८३ माणसं मेली.

पुढच्याच वर्षी पोर्टलंडला चाकांच्या बिघाडात गुंतलेले कॅप्टन घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं, ते सुचवतही होते, पण अदबीने, आडवळणाने. विमान इंधन संपून पडलं, दहाजण गेले. अदबीने, आडवळणाने बोलणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या अपघातांनंतर १९७९ साली नासाने एक कार्यशाळा घेतली आणि तिथून प्रशिक्षणाची नवी पद्धत रुजली. तिच्यात मला मोलाची वाटते ती गोष्ट ही: धाकट्यांना नुसतं 'धीट व्हा' असं सांगितलं नाही. बोलणं हे त्यांचं कामच ठरवलं, आणि ऐकणं हे ज्येष्ठांचं. वेग चुकला तर 'वेग' असं म्हणायचं. दोनदा सांगूनही समोरच्याचं उत्तर आलं नाही, तर विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. उतरताना ठरावीक उंचीवर वेग किंवा वाट बरोबर नसेल, तर 'गो-अराऊंड', म्हणजे पुन्हा वर जा. अनेक कंपन्यांत नियम आहे की ही हाक दोघांपैकी कोणीही दिली तरी ती पाळायची, आणि परत वर गेल्याबद्दल कोणाला जाब विचारायचा नाही.

नियम संदिग्ध राहिला तर काय होतं, ते मंगळूरला दिसलं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान फार उंचावरून उतरत होतं. सहवैमानिकाने तीनदा 'गो-अराऊंड' सांगितलं, यंत्रानेही इशारे दिले. कॅप्टनने ऐकलं नाही. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशी अहवालाने मूळ दोष कॅप्टनचा मानला. पण सहवैमानिकाला स्वतःहून विमान वर नेण्याचा अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या सूचना स्पष्ट नव्हत्या, हेही नोंदवलं. तो पुरुष होता, शिकलेला होता, त्याला धोका दिसला होता, तो बोललाही होता. तरी ते पुरलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आपण बायकांना सारखं म्हणतो ना, 'बोल गं, गप्प बसू नकोस', त्याचा पुन्हा विचार करू या. ती बोलते. पुढे काय? औषधाची मात्रा चुकलेली नर्सला दिसते, तेव्हा डॉक्टरांना थांबवण्याचे शब्द तिला दिलेले आहेत का? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट काढली. तिच्यात खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. जिने एकदा तोंड उघडलं, ती पुढे बोलते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असते. तिथे बाईने दोनदा सांगूनही उत्तर आलं नाही, तर पुढे कोणी काय करायचं, हे तुमच्या समितीच्या सगळ्या सभासदांना तोंडपाठ आहे का? तक्रार केली म्हणून तिची बदली होणार नाही, याची हमी कोण देतं?

आणि आपल्या गटातही बघू या. आपल्याकडेही ज्येष्ठ आहेत, नव्या मुली आहेत. ताईंनी ठरवलेला कार्यक्रम चुकतोय असं नवीला वाटलं, तर ती चहाच्या वेळी कोपऱ्यात बोलते की बैठकीत? पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. सुरुवात सगळ्यात नव्या सभासदापासून करा, आणि ज्येष्ठांनी शेवटी बोला.