वैराला उत्तर
(केंद्रातील शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ पक्षिणीची व्यथा गाणारे तिचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी उपजीविकेसाठी शिक्षकाचा पेशा पत्करला होता, हे मात्र आपल्या स्मरणात नसते.

१८९३ साली राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. जे आपला द्वेष करतात त्यांचेही हित चिंतावे, अशी त्या प्रवचनाची शिकवण आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट संतापले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे मुलासह वेगळ्या राहिल्या. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरला आल्या, तरी त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहेत हे लक्ष्मीबाईंना स्वतःच उमगले व १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावी. त्या दिवसांतले दुःख तीत आहे. कोणाविषयी विष नाही.

ही शिकवण एकाच धर्माची मिरास नव्हे. अंगावर थुंकणाऱ्यावरही न रागावलेल्या पैठणच्या नाथांची कथा आपण मुलांना सांगतोच. प्रश्न आहे तो आपल्या आचरणाचा.

मी नवखा शिक्षक असताना एका पालकाने चारचौघांत माझा अपमान केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मुलाची वही न तपासताच परत केली. मुलगा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तीच वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी गुरू तो होता.

२०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून आपल्या जिल्ह्यात काही गावांतून माणसे एकमेकांना दुरावली. मोठ्यांचे शब्द मुलांच्या तोंडी येतात. एका बाकावर बसणारी मुले अशा वेळी वेगळी बसू लागली, तर ती गोष्ट आपण क्षुल्लक मानू नये. अपशब्द उच्चारणाऱ्या मुलास दुसऱ्या अपशब्दाने गप्प करू नये; त्याला जवळ बसवून त्या शब्दाने कोणाला काय वाटले, हे विचारावे. अन्यायास अन्याय म्हणावेच. क्षमा म्हणजे भित्रेपणा नव्हे. परंतु वडिलांचा राग मुलावर काढू नये, आणि कोणाही मुलाची वही न तपासता परत जाऊ देऊ नये.

एवढे आपल्या हाती आहे. ते आपण करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.